अठ्ठावीसवर अडकलेला आकडा

जिन्यावर आक्कांची पावलं वाजली की मी पाठ ताठ करायचे आणि लॅपटॉप थोडा स्वतःकडे ओढून घ्यायचे. दोन्हीचा काही उपयोग नसायचा. आक्का दार वाजवत नसत. घर त्यांचं, जिना त्यांचा, माडीवरची खोलीही त्यांचीच. मी नुसती भाडेकरू. उजवा हात पुढे, तळवा खाली, अशा त्या आत यायच्या आणि बोलण्याआधी लॅपटॉपवर, कीबोर्डच्या वरच्या धातूच्या पट्टीवर, हात टेकवायच्या.

"बिसी किती?"

बिसी म्हणजे कानडीत गरम. निपाणीत आल्यावर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, विजेच्या बिलाबद्दल काहीतरी चाललंय. मी घाबरून म्हटलं, "आक्का, मी पंखा पण कमीच लावते."

"पंख्याचं कोण इचारतंय? ही पेटी किती तापलीया, ते सांग."

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा असायचा. संगणकाच्या आत जो भाग सगळा हिशेब करतो, त्या प्रोसेसरचं तापमान तो दाखवायचा. मी तिकडे बघायचे. शाळा इंग्रजी असल्यामुळे मला आकडे आधी इंग्रजीत दिसतात, मग मी मराठी शब्द शोधत बसते. आक्का वाट बघायच्या.

"अठ्ठावीस."

"व्हय. गारच लागतंय," असं म्हणून त्या माझ्या खाटेवर बसायच्या. हात मात्र पट्टीवर तसाच. सगळं बोलणं संपेपर्यंत तो तिथंच असायचा.

हल्ली त्या पुण्याला लेकाकडे असतात. फोन आला की पहिलं वाक्य अजून तेच असतं, "बिसी किती गं?" आणि मी खरा आकडा सांगते.

मी बेळगावजवळच्या सांबऱ्याची. निपाणीत एका आर्किटेक्टकडे नोकरी लागली म्हणून इथं आले. घर बांधू बघणाऱ्या माणसाला त्याचं घर आधी चित्रात दाखवायचं, असं माझं काम. ओसरीवर सकाळचं ऊन कसं पडेल, पायरीवर सावली कुठवर येईल, हे सगळं संगणक एकेक ठिपका मोजत तासन्तास घडवत बसतो, आणि त्यात तो तापतो. ऑफिसातली यंत्रं दुपारनंतर दुसऱ्यांना लागायची, म्हणून मी जेवण करून खोलीवर येऊन काम करायचे. वर पत्रा. लॅपटॉप बेळगावातून घेतलेला, दुसऱ्याच्या हातचा, जाडजूड. तो बंद पडला तर नोकरी गेली आणि मी परत सांबऱ्याला, ही भीती मला कायम असायची. म्हणून तो आकडा कोपऱ्यात ठेवलेला. अठ्ठावीस दिसलं की बरं वाटायचं.

आक्कांनाही बरं वाटायचं. त्यांची भीती वेगळी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या सासरी तंबाखूची वखार होती. सदलग्याहून लग्न होऊन आल्या तेव्हा त्या अगदी लहान होत्या. वखारीत रचलेला तंबाखूचा ढीग आतल्या आत तापतो. थोडा तापला तर माल चांगला होतो. जास्त तापला तर करपतो. नेमका केव्हा ढीग उलटायचा हे कळायला हवं. आक्का कोपरापर्यंत हात ढिगात घालायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "आज न्हाय, उद्या सकाळी." सासरे म्हणायचे, माझ्या वखारीत दोन काटे हायत, एक वजनाचा नि दुसरा सुनंचा हात.

एकदा त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या, तेव्हा ढीग आतून काळा पडला. ही गोष्ट त्या दर आठवड्याला सांगायच्या, आणि शेवट दर वेळी एकच असायचा.

"ढीग वरनं गारच असतोय, पोरी. आत हात घातल्याबिगर काय कळत न्हाय."

वखार कधीच गेली. पण हात राहिला, आणि हात लावायची सवय राहिली. घरात येईल त्या वस्तूला त्या हात लावायच्या. फ्रिजच्या पाठीला, मीटरच्या पेटीला, मिक्सरला, गॅस आणून देणाऱ्याच्या गाडीच्या इंजिनला. "बिसी हाय. पाणी दाखव तिला," असं त्याला सांगायच्या, जणू गाडी म्हणजे म्हैस. दुधाचं पातेलं त्या सांडशीशिवाय उतरवायच्या. गल्लीतल्या बायका कौतुकानं बघत.

"आक्कांचा हात म्हंजे लोखंड हाय," समोरच्या वहिनी म्हणायच्या.

"लोखंड तापतंय गं. माझा न्हाय तापत," असं आक्का म्हणायच्या आणि हसायच्या.

पोरांचा ताप बघायला गल्ली त्यांच्याकडेच यायची. कपाळावर हात, मग पोटावर, मग निकाल. थर्मामीटरवर त्यांचा राग होता. "काचेची नळी काखंत घालायची, मग उजेडात धरून डोळं बारीक करत बसायचं. तवर पोरगं बरं हुतंय."

दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकायचं. जैनांच्या घरात ते असतंच, पण आक्कांच्या घरात त्याला आणखी एक कलम होतं. जेवण झालं की चुलीवर, गॅसवर, दिव्यावर, सगळीकडे हात फिरवून "गार" असं मोठ्यानं म्हणायचं. मी वर बसून ऐकायचे. गार. गार. गार. मग कडी लागल्याचा आवाज.

पुण्याच्या लेकाला मी कधी पाहिलं नव्हतं. तो दर रविवारी मला फोन करायचा, कारण आई खरं सांगत नाही असं त्याला वाटायचं. "आई बरी आहे ना?" मी म्हणायचे, "हो, बऱ्या आहेत." मला फोनवर याहून जास्त बोलता येत नाही, आणि जास्त काही सांगायचं नाही, असं आक्कांनी बजावूनही ठेवलं होतं. मायलेकांचा करार ठरलेला होता. आक्का तो मला अभिमानानं सांगायच्या.

"त्याला सांगितलंय मी. माझा हात चालतोय तवर माझी भाकरी मी थापणार, हितंच. हात चालायचा ऱ्हायला की मग ने मला, काय म्हणणार न्हाय."

आमच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. आक्कांच्या तोंडी ते शोभायचं. एकदा त्या बस्तीतून, म्हणजे त्यांच्या मंदिरातून, एकाच पायात चप्पल घालून घरी आल्या. दुसरी वाटेत कुठं निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं. गल्लीभर हसू झालं.

"आक्का, दुसरी चप्पल कुठाय?" कुणीतरी विचारलं.

त्यांनी खाली बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा कोरा झाला. मग त्यांनीच आधी हसायला सुरुवात केली. "देवाजवळ एक पाय ठिवून आलो की गं!"

मीही हसले होते. त्यांना साखरेचा आजार होता, सकाळ-संध्याकाळ गोळ्या होत्या, तळपायाला मुंग्या येतात असं त्या म्हणायच्या. हे सगळं मला माहीत होतं, पण वेगवेगळं.

उन्हाळ्यात एका दुपारी समोरच्या वहिनी त्यांच्या तान्ह्या मुलीला घेऊन आल्या. मूल किरकिरत होतं. आक्कांनी कपाळावर हात ठेवला, पोटावर ठेवला.

"गार हाय. दात येत असतील. मीठ-मोहरी ओवाळून टाक."

मी पाणी भरायला खाली आले होते. वहिनींच्या काखेतून मुलीचा पाय लोंबत होता, तो माझ्या हाताला लागला. मला चटका बसला. खरंच, चटकाच.

"आक्का," मी म्हटलं, "मला गरम लागतंय की."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला तेवढंही नको असतं.

"दिसभर त्या पेटीवर हात असतोय तुझा. तुला समदं गावच गरम लागंल," आक्का म्हणाल्या.

वहिनी हसल्या. त्यांचा चेहरा सैल झाला. आक्कांनी सांगितलं म्हणजे प्रश्न संपला. मी पुन्हा एकदा म्हटलं, डॉक्टरांना दाखवूया का, पण आवाज माझ्यापुरताच निघाला असावा. वहिनी मुलीला घेऊन घरी गेल्या.

ऊन कललं तेव्हा समोरून किंकाळी आली. मी गॅलरीत आले. वहिनी दारात उभ्या होत्या. मुलीचे डोळे वर गेले होते आणि हातपाय झटके देत होते. कुणीतरी रिक्षा आणली. आक्का आपल्या उंबऱ्यावर होत्या. रिक्षा गेल्यावरही त्या तिथंच, उजवा हात पदरात गुंडाळून.

मूल वाचलं. ताप डोक्यात गेला होता, डॉक्टरांनी उतरवला. परत आल्यावर वहिनी काही लागेल असं बोलल्या नाहीत. "आक्का, तुमी बघितल्यावर एकदम चढला असंल," एवढंच म्हणाल्या. आक्कांनी मान हलवली. त्या संध्याकाळी खालून 'गार' असा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या वारंवार वर येऊ लागल्या. सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी, दुपारी, जेवायच्या आधी. हात पट्टीवर. "बिसी किती?" मी सांगायचे, अठ्ठावीस. "गारच लागतंय," त्या म्हणायच्या, आणि त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू यायचा. मला वाटायचं, वखारीतली जुनी भीती वर आलीय. माझ्या पेटीनं घर पेटेल, असं त्यांना वाटतंय. म्हणून मी आकडा आणखी ठामपणे सांगायचे. कुणाला धीर देणं मला सहसा जमत नाही. इथं जमत होतं.

मग एका दुपारी लॅपटॉप आपोआप बंद झाला. पंखा आधी घरघरला, मग पडदा काळा. अर्धवट झालेलं चित्र गेलं. मी पुन्हा चालू केला. थोड्या वेळात पुन्हा काळा. कोपऱ्यातला आकडा शेवटपर्यंत अठ्ठावीस होता.

मी घाबरून इंटरनेटवर शोधत बसले. जगभरातले अनोळखी लोक याच गोष्टीवर भांडत होते. एकाचा आकडा शून्याखाली गेलेला, एकाचा पाणी उकळेल त्याच्याही वर, आणि दोघांचे संगणक मजेत चाललेले. वाचता वाचता दोन-तीन गोष्टी डोक्यात बसल्या. पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड असूच शकत नाही. काम वाढलं की आकडा हललाच पाहिजे. आणि आकडा जास्त दिसला तर एवढं घाबरायचं कारण नाही. जो कधी बदलतच नाही, त्याला घाबरायचं. तो थंड नसतो. तो मेलेला असतो.

पत्र्याखालची माझी खोली त्या वेळी अठ्ठावीसपेक्षा कितीतरी गरम होती. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. हे मला इतके दिवस दिसलं कसं नाही?

मी दुसरा एक प्रोग्रॅम घेतला, तो आत वेगळ्या ठिकाणी माप घेणारा. दोन्ही शेजारी लावले. एक म्हणाला अठ्ठावीस, दुसरा म्हणाला साठ. कोण खरा? मी चित्राचं काम पुन्हा सुरू केलं आणि बघत राहिले. दुसरा चढायला लागला. सत्तर, ऐंशी, नव्वदीच्या पुढे. काम थांबवलं, तो हळूहळू उतरला. पहिला जागचा हलला नाही.

तरी खात्री हवी होती. काम पुन्हा लावलं, आणि आक्का ठेवतात तिथंच, धातूच्या पट्टीवर, मी माझा हात ठेवला.

आतल्याइतकी ती पट्टी तापत नाही, पण मला हात लगेच मागे घ्यावा लागला. बोटं तोंडात घालून मी उभी राहिले, आणि तेव्हा कालची दुपार आठवली. काल हेच काम चालू होतं. आक्का खाटेवर बसून सदलग्याच्या त्यांच्या भावाची, त्याच्या सुनेची, सुनेच्या आईची गोष्ट सांगत होत्या, आणि त्यांचा हात त्या गोष्टीभर इथंच होता. उठताना त्या म्हणाल्या होत्या, "गारच हाय बघ."

चप्पल. पातेलं. मुलीचा पाय. सगळं एकामागून एक आलं.

ती संध्याकाळ आणि दुसरा दिवस मी भीतीत, आक्कांना चुकवत काढला. संगणकाची भीती गेली होती. तो दुरुस्त होतो, आतली धूळ काढली की निम्मं काम होतं. मला आक्कांना सांगायची भीती वाटत होती. रिक्षावाल्याला 'इथं थांबा' म्हणायच्या आधी मी ते मनात दहादा घोकते. मी त्या बाईला काय सांगणार होते? की तुमचा हात गेलाय? ज्याच्यावर तुमचं घर, तुमची भाकरी, तुमची गल्ली उभी आहे, तो? एकदा मनात असंही आलं की जुना प्रोग्रॅम तसाच ठेवावा. त्या विचारतील, मी अठ्ठावीस म्हणेन. रविवारी फोन येईल, मी 'बऱ्या आहेत' म्हणेन. दोन्ही उत्तरं न बदलणारी.

पण गॅलरीतून समोरची मुलगी दिसायची. वहिनी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या आणि मधूनच आमच्या दाराकडे बघायच्या. पुढच्या तापाला त्या पुन्हा आक्कांकडेच येणार होत्या. आणि खाली आक्का रोज गॅसवर हात फिरवून 'गार' म्हणणार होत्या.

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा दिवस मावळायला अजून अवकाश होता. मी घाईघाईनं काम थांबवलं. पण धातू लगेच निवत नाही. मी उठून मध्ये येईपर्यंत हात पट्टीवर टेकला होता.

"बिसी किती?"

मी त्यांचं मनगट धरलं. उचलायला गेले, तर त्यांनी उचलू दिलं नाही. म्हातारा हात, पण वखारीतला.

"आदी सांग."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पडद्याकडे बघतच नाहीत. कधीच बघितलं नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारख्या. त्या पेटी तपासायला कधी येत नव्हत्या. त्या हात तपासायला येत होत्या. घरात आकडा सांगणारी एकच वस्तू होती आणि ती माझ्या टेबलावर होती. हाताला गार लागतंय, पेटीही गारच म्हणतेय. म्हणजे हात शाबूत आहे. मीच त्यांना रोज तसं सांगत आले होते.

"आक्का, हात काढा आधी."

"सांग म्हणतो न्हवं?"

एरवी मला शब्द शोधावा लागतो. त्या दिवशी तो आधीच जिभेवर येऊन बसला होता.

"ब्याऐंशी."

खाली कुठंतरी भांडं पडलं, कुणीतरी कुणाला हाक मारली.

"काल अठ्ठावीस हुतं."

"कालही एवढंच होतं. आकडा बिघडलेला होता, आक्का. तो अडकला होता. मला माहीत नव्हतं."

"आनि परवा?"

"परवाही."

त्यांचं लक्ष आता हाताकडे गेलं. आपला नसल्यासारखा तो पट्टीवर पडला होता. नखांच्या कडा लाल झाल्या होत्या.

"आनि समोरची पोरगी..." त्या थांबल्या. "तवा तुला गरम लागलं म्हणालीस."

"हो."

"लई?"

मी मान डोलावली.

माझ्या बोटांखाली त्यांची नाडी उडत होती. इतकी जोरात, की मला वाटलं, हात अजून जिवंत आहे, आपलंच काही चुकलं असेल. मग आक्का बोलल्या. जिन्यावरून हुकूम सोडणारा तो आवाज नव्हता. पहिल्यांदा वखारीत शिरलेली, ढिगासमोर उभी राहिलेली कुणी लहान सून बोलत असावी, तसा आवाज होता.

"मग आता काढू का गं हात?"